घरपट्टीचा बोजा आणि दिवाळखोराची मालमत्ता : प्रस्तावना

मुंबईचा म्युनिसिपल कायदा १८८८ साली संमत झाला. त्याच्या २१२ व्या कलमाने असे ठरवून दिले की, एखाद्या इमारतीवर अगर जमिनीवर आकारलेल्या मालमत्ता-करांची जी रक्कम येणे असेल ती, सरकारी जमीन महसूल तेवढा आधी चुकता होऊन, त्या इमारतीवर वा जमिनीवर, तसेच कर देण्यास जबाबदार असलेल्या इसमाची जी जंगम चीजवस्त त्या जागेत आढळेल तिच्यावरही, पहिला बोजा म्हणून राहील. पुढे १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याने, जो आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने मुंबईबाहेरच्या मोठ्या शहरांना लागू आहे, आपल्या १४१ व्या कलमात तोच सिद्धान्त स्वीकारला. हा बोजा कोणत्याही गहाणखतात लिहिलेला नसतो, त्यावर मालकाची सही नसते, निबंधकाच्या कचेरीत त्याचा दस्तऐवज सापडत नाही. कायद्याच्या शब्दांतून तो जन्मतो आणि कराचे बिल थकताच मालमत्तेला चिकटतो. मालक सुस्थितीत असेतोपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. परंतु मालकाचे दिवाळे निघाले, त्याचे कारखाने बंद पडले, बँकेचे कर्ज, कामगारांची मजुरी, व्यापाऱ्यांची उधारी, आयकर, विक्रीकर आणि घरपट्टी असे सर्व दावेदार एकाच अपुऱ्या मालमत्तेभोवती जमले, म्हणजे ‘पहिला बोजा’ हा पहिला म्हणजे नेमका कोणाच्या आधीचा, हा प्रश्न उभा राहतो. तोच या ग्रंथाचा विषय आहे.

विषय रूक्ष आहे, आणि तो वकिलांनी व करनिर्धारकांनी आपापसांत सोडवावा, सामान्य नागरिकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो समज घातक वाटतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात हा शहरांच्या उत्पन्नाचा जुना आधारस्तंभ कोसळला; त्याच्या जागी राज्याकडून नुकसानभरपाई मिळते खरी, परंतु भरपाई ही दुसऱ्याच्या हातची असते, आणि स्वतःच्या अधिकाराने, स्वतःच्या सभागृहाच्या ठरावाने वसूल करावे असे ठळक उत्पन्न शहरापाशी घरपट्टीचेच काय ते उरले. मुंबईत तर १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना या करातून सूट मिळाली आहे. म्हणजे कराचा भार मोठ्या निवासी, व्यापारी व औद्योगिक मालमत्तांवर अधिक एकवटला आहे, आणि दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात ज्या मालमत्ता येतात त्या प्रायः याच वर्गातल्या असतात. तेथे बुडालेला प्रत्येक रुपया कोणत्या तरी प्रसूतिगृहातून, पालिकेच्या शाळेतून, गटाराच्या दुरुस्तीतून वजा होतो, किंवा जे नागरिक मुदतीत घरपट्टी भरतात त्यांच्या माथी पुढच्या साली चढतो.

त्याचबरोबर दुसरी बाजूही आरंभीच सांगितली पाहिजे. या झगड्यात शहराच्या समोर उभी असते ती बहुधा बँक. आणि बँकेच्या मागे तिचे ठेवीदार असतात. महाराष्ट्रात, जेथे तालुक्याच्या गावी सहकारी बँक हीच मध्यम स्थितीतल्या कुटुंबाच्या बचतीची जागा आहे, तेथे बँकेचे गहाणखत मागे ढकलले गेले तर त्याची झळ कोणाला बसते हे वेगळे सांगावयास नको. तिसरीकडे कामगार असतो, ज्याच्यापाशी ना गहाणखत, ना कायद्याने दिलेला पहिला बोजा. तेव्हा हा संघर्ष न्याय आणि अन्याय यांच्यातला नाही. न्याय्य मागण्या घेऊन आलेल्या तीन पक्षांतला आहे, आणि म्हणूनच तो अधिक विचारपूर्वक सोडविला पाहिजे.

घरपट्टीला पहिले स्थान का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना राजाच्या सार्वभौम अधिकाराकडे बोट दाखविण्याची इंग्रजी कायद्यातली जुनी रीत आहे. राजाचे येणे सर्वांच्या आधी, असे ते तत्त्व. मला ते येथे गैरलागू वाटते, कारण महानगरपालिका ही राजा नव्हे. तिच्या बोजाचे समर्थन तिच्या कामातूनच झाले पाहिजे, आणि सुदैवाने ते होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबई बेटावर आले, १८९२ साली तानशाचे आले. त्यांच्या मागोमाग गटारे, रस्ते, दिवे, बाजार आले, आणि ज्या जमिनीला दलदलीखेरीज काही रूप नव्हते तिच्यावर गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. जमिनीची किंमत मालकाने एकट्याने निर्माण केली नाही आणि सावकारानेही नाही. तिच्यातला फार मोठा अंश शहराने निर्माण केला, आणि तो दरसाल टिकवून धरण्यासाठी शहर दरसाल खर्च करीत राहिले. गहाण ठेवून घेणारी बँक जेव्हा त्या मालमत्तेचे मूल्यांकन करते तेव्हा त्या मूल्यात नळाचे पाणी आणि समोरचा रस्ता धरलेलाच असतो. मग त्या मूल्याच्या विक्रीतून आलेल्या रकमेत, ते मूल्य राखणाऱ्याचा चालू खर्च आधी वळता व्हावा, ही मागणी राजसत्तेच्या विशेषाधिकाराची राहत नाही; ती हिशेबाची होते. शिवाय बँकेने कर्ज द्यावयाचे की नाही, किती द्यावयाचे, कोणत्या व्याजाने द्यावयाचे, हे तिने स्वतः ठरविलेले असते. शहराला ती मोकळीक नाही. मालक बुडत चालला आहे असे दिसत असूनही त्याच्या गल्लीतला कचरा उचलणे त्याला थांबवता येत नाही, आणि त्याने थांबवूही नये.

या समर्थनाला एक मर्यादाही आहे. ती १८७१ साली मुंबईच्या करदात्यांनी आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरच्या उधळपट्टीविरुद्ध जी चळवळ केली तिच्यात दिसून आली. शहराने केलेला प्रत्येक खर्च आपोआप न्याय्य ठरत नाही, आणि म्हणून करदात्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. बोजाचा अधिकार ज्याला हवा त्याने हिशेबाचे कर्तव्य नाकारता कामा नये, हे सूत्र या ग्रंथात मी पुन्हा पुन्हा वापरले आहे.

आता कायद्याकडे वळू. वाचकाने प्रथम एक भेद मनात पक्का करावा, कारण पुढची बरीचशी गुंतागुंत तो विसरल्याने झाली आहे. दिवाळखोराकडून येणे असलेल्या इसमाचे संरक्षण दोन प्रकारांनी होऊ शकते. एका प्रकारात त्याला वाटपाच्या रांगेत पुढची जागा मिळते. याला अग्रक्रम म्हणावे. दुसऱ्या प्रकारात एका विशिष्ट वस्तूवरच त्याचा हक्क बसतो, आणि ती वस्तू विकून आलेल्या रकमेपुरता तो रांगेत उभाच राहत नाही. याला बोजा म्हणावे. अग्रक्रम हा माणसावरचा हक्क आहे, बोजा हा वस्तूवरचा. महानगरपालिकेला आमच्या जुन्या कायद्यांनी दोन्ही दिले होते. २१२ व्या कलमाने बोजा दिला; आणि नादारीच्या कायद्यांनी अग्रक्रम दिला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतील ऋणकोंसाठी १८२८ साली पार्लमेंटने केलेल्या पहिल्या कायद्यापासून, १८४८ च्या कायद्यातून, १९०९ च्या इलाखा शहरांच्या नादारी कायद्यापर्यंत आणि १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यापर्यंत ही परंपरा येते. आणि शेवटच्या दोन कायद्यांत दिवाळखोराच्या मिळकतीतून आधी द्यावयाच्या देण्यांत सरकारचे देणे आणि ‘कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाचे’ देणे ही जोडीने नमूद आहेत, नोकरचाकरांच्या ठराविक पगाराच्या बरोबरीने. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या ५३० व्या कलमातही केंद्र व राज्य सरकारांबरोबर स्थानिक प्राधिकरणाचे कर व पट्ट्या होत्या, मात्र मागील बारा महिन्यांत देय झालेल्या तेवढ्याच. ही बारा महिन्यांची मुदत मला फार शहाणपणाची वाटते. ताज्या थकबाकीला संरक्षण आणि दहा वर्षे झोपा काढून साठविलेल्या थकबाकीला नाही, असा विवेक त्या एका मुदतीत आहे. १९८५ साली ५२९-अ हे कलम घालून संसदेने कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीला आणली, आणि करांची देणी त्यांच्या मागे गेली. तेही योग्यच झाले.

बोजाला पहिला मोठा धक्का १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात बसला, आणि तो खटला अहमदाबाद महानगरपालिकेचा होता. मूळ मालक आर्थिक अडचणीत येऊन नादारीच्या कामात सापडला, मालमत्ता रिसीव्हरांच्या ताब्यात गेली, घरपट्टी थकत राहिली, आणि अखेर गहाणाच्या हुकूमनाम्यान्वये झालेल्या लिलावात ती मालमत्ता तिसऱ्याच इसमाने विकत घेतली. पालिकेने मागच्या थकबाकीसाठी त्या खरेदीदाराच्या हातातील मालमत्तेवर जप्ती आणली. न्यायालयाने मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०० व्या कलमाकडे पाहिले. मोबदला देऊन आणि बोजाची जाणीव नसताना जो मालमत्ता घेतो त्याच्याविरुद्ध बोजा बजावता येत नाही, कायद्यात तसे स्पष्ट म्हटले असेल तर गोष्ट वेगळी, असे ते कलम सांगते. आणि १४१ व्या कलमात तसे स्पष्ट म्हटलेले नाही, म्हणून पालिका हरली. हा निर्णय नगरपालिकांच्या वर्तुळात दीर्घकाळ सलत राहिला. मला मात्र तो मनापासून पटतो. ज्या बोजाचा पत्ता कोणत्याही सार्वजनिक दप्तरात लागत नाही, जो वर्षानुवर्षे तगादा न करता गप्प बसून असतो आणि मालमत्ता परक्या हाती गेल्यावर अचानक जागा होतो, तो बोजा प्रामाणिक खरेदीदारावर लादणे हा न्याय नव्हे. पालिकेने वेळीच मागणी केली असती, लिलावाच्या जाहीरनाम्यात थकबाकी नमूद करविली असती, तर तिचा एक पैसाही बुडाला नसता.

बँका आणि कायद्याने दिलेले बोजे यांच्यातील लढाई हा पुढचा अध्याय, आणि तो थोडक्यात सांगतो, कारण त्यातले बहुतेक निवाडे विक्रीकरासंबंधी आहेत. १९९५ साली राजस्थानच्या आणि २००९ साली केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, राज्याच्या कायद्याने ‘पहिला बोजा’ दिला असेल तर तो बँकेच्या आधीच्या गहाणावरही मात करतो. त्यानंतर संसदेने बँकांच्या वसुलीच्या कायद्यात २६-ई हे कलम घातले, ते २४ जानेवारी २०२० पासून अमलात आले, आणि केंद्रीय नोंदणी झालेल्या तारणाला सरकारी करांच्याही वर अग्रक्रम मिळाला. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचा अर्थ बँकांच्या बाजूने लावला. ज्याने आपला हक्क सार्वजनिक दप्तरात नोंदविला तो पुढे, असा या सगळ्याचा रोख आहे. आणि त्यातला धडा शहरांनी घेण्यासारखा आहे.

आता २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेकडे येतो. या ग्रंथाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्यासाठी खर्ची पडला आहे. सरकारी देण्यांचा क्रम बदलणे हा आपला एक हेतू असल्याचे या संहितेच्या दीर्घ शीर्षकातच म्हटलेले आहे. कर्जपुरवठा वाढावा म्हणून सरकारने आपले येणे मागे घ्यावे असा त्यामागचा विचार होता, आणि केंद्र सरकारने स्वतःच्या तिजोरीविषयी असा औदार्याचा निर्णय घेतला तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु शहरांचे काय झाले ते पाहावे. संहितेच्या ५ व्या कलमात परिचालन देण्याची व्याख्या आहे. तीत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि ‘कोणतेही स्थानिक प्राधिकरण’ यांना कायद्यान्वये द्यावयाच्या रकमा आहेत. म्हणजे महानगरपालिका ही परिचालन धनको झाली, माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या रांगेत बसली, आणि ज्या समितीत कंपनीचे भवितव्य ठरते त्या धनकोंच्या समितीत तिला मत राहिले नाही. ३१ व्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीने, असे लिहिले गेले की मंजूर झालेली निराकरण योजना, म्हणजे बुडत्या कंपनीची देणी भागवून तिला पुन्हा उभी करण्याची योजना, केंद्र सरकारवर, राज्य सरकारवर आणि ‘कोणत्याही स्थानिक प्राधिकरणावर’ बंधनकारक राहील. आणि १३ एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, योजनेत ज्या मागण्या नाहीत त्या कायमच्या संपल्या. मग ५३ व्या कलमात, जेथे विक्रीचे पैसे कोणाला कोणत्या क्रमाने द्यावयाचे ते सांगितले आहे, तेथे वाचक स्थानिक प्राधिकरणाचे नाव शोधू लागतो. प्रक्रियेचा खर्च, चोवीस महिन्यांची कामगारांची देणी व तारण सोडून देणारे तारणधारक धनको, इतर नोकरांचा पगार, बिनतारणी वित्तीय धनको, आणि त्यानंतर मागील दोन वर्षांचे केंद्र सरकारचे व राज्य सरकारचे येणे. शहराचे नाव नाही. जेथे बांधून घ्यावयाचे तेथे त्याचे नाव आहे. जेथे द्यावयाचे तेथे ते गळाले आहे. १९०९ पासून १९५६ पर्यंतच्या प्रत्येक कायद्यात सरकारांच्या सोबतीने जे नाव होते, ते येथे बोलून न दाखवता नाहीसे झाले, आणि शहराचे येणे ‘उर्वरित देणी’ या शेवटच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले. योजना मंजूर होताना परिचालन धनकोला किमान तितके तरी मिळाले पाहिजे जितके त्याला ५३ व्या कलमाखाली मिळाले असते, असा नियम आहे. तेव्हा शेवटच्या रांगेतल्याला शून्य देऊनही योजना कायदेशीर ठरू शकते.

मग २१२ व्या कलमाच्या बोजाचे काय, असे कोणी विचारील. तो बोजा शाबूत असेल तर शहर हे तारणधारक धनको ठरून कामगारांच्या बरोबरीला बसू शकेल. येथेच न्यायालयांची वाट दुभंगली. सप्टेंबर २०२२ मध्ये रेनबो पेपर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या मूल्यवर्धित कराचा कायदेशीर बोजा हे तारण होय असे म्हटले. जुलै २०२३ मध्ये रामन इस्पातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तो निर्णय त्याच्या वस्तुस्थितीपुरता मर्यादित केला, कारण ५३ व्या कलमाच्या क्रमाचा विचार त्यात झाला नव्हता; आणि तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेनबो निर्णयाविरुद्धचे पुनर्विलोकन अर्ज फेटाळले गेले. रामन इस्पातच्या निवाड्यात शहरांच्या दृष्टीने एक महत्त्वाचा विचार आहे: तेथील वीज कंपनीत सरकारचा सहभाग असला तरी ती ‘सरकार’ नव्हे, आणि म्हणून तिचे येणे सरकारी देण्यांच्या खालच्या पायरीवर ढकलता येत नाही, असे ठरून तिला तारणधारक मानले गेले. महानगरपालिकेला ‘सरकार’ म्हणून न धरणे हे एका दृष्टीने तिच्या तोट्याचे आणि दुसऱ्या दृष्टीने तिच्या लाभाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या विकास प्राधिकरणाचा कायद्याने दिलेला बोजा योजनेने दुर्लक्षिला म्हणून ती योजनाच रद्द झाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक मांडले गेले त्याचा रोख याच्या नेमका उलट आहे: पक्षांमधील करारातून निर्माण झालेले तेच तारण, निव्वळ कायद्याच्या अंमलातून उपजलेले नव्हे, असे ते म्हणते. या शब्दांपुढे २१२ व्या कलमाचा बोजा कंपन्यांच्या दिवाळखोरीत केवळ कागदावर उरेल.

या स्थितीतून एक विसंगती निघते, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. व्यक्तींच्या दिवाळखोरीसंबंधीचा संहितेचा भाग, कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्ती वगळता, अद्याप अमलात आलेला नाही. म्हणून मुंबईतला एकटा व्यापारी नादार झाला तर त्याला १९०९ चा कायदा लागू होतो आणि शहराला अग्रक्रम मिळतो, आणि त्याच व्यापाऱ्याने तोच धंदा खाजगी मर्यादित कंपनीच्या नावे केला असेल तर २०१६ ची संहिता लागू होऊन शहर शेवटच्या रांगेत जाते. एकाच गल्लीतल्या दोन गाळ्यांना, एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या दोन मालकांना, दोन न्याय.

घटनेच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की जमिनी व इमारतींवरील कर आणि स्थानिक शासन हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत, दिवाळखोरी समवर्ती सूचीत आहे, आणि दोहोंची टक्कर झाली की संहितेच्या २३८ व्या कलमाच्या आधारे संहिताच वरचढ ठरते. तरी हे वरचढपण अमर्याद नाही, हे मुंबईच्याच एका प्रकरणात दिसले. अंधेरीच्या सेव्हनहिल्स रुग्णालयाची जमीन महानगरपालिकेची होती. ती गहाणात व योजनेत तिच्या पूर्वसंमतीवाचून गुंतविणारी योजना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द केली. परंतु ते शहराच्या स्वतःच्या जमिनीविषयी होते. दुसऱ्याच्या जमिनीवरील शहराच्या बोजाला त्याचा आधार मिळत नाही.

अमेरिकेचा अनुभव या ग्रंथात मी विस्ताराने दिला आहे, कारण तेथील काउंट्या, शहरे आणि शाळा-जिल्हे आपल्यापेक्षाही अधिक प्रमाणात मालमत्ता करावर जगतात, आणि जी चूक आपण करीत आहोत ती त्यांनी करून दुरुस्तही केली आहे. १९७८ च्या दिवाळखोरी संहितेच्या ७२४ व्या कलमाने असे केले की, अवसायनात गेलेल्या मालमत्तेवर स्थानिक कराचा बोजा असेल तर तो रद्द करावयाचा नाही, परंतु त्या बोजाइतकी रक्कम आधी प्रक्रियेच्या खर्चाला, मजुरीला आणि इतर अग्रक्रमाच्या देण्यांना द्यावयाची. त्यानंतर खालच्या गहाणदाराला त्याचे मिळावयाचे. आणि शहराने त्याच्याही मागे उभे राहावयाचे. यात गहाणदाराचे काहीच जात नव्हते. सगळा त्याग एकट्या शहराचा होता, आणि वकिलांचा व विश्वस्तांचा खर्च शाळांच्या पैशातून भागत होता. शिवाय १९९० साली न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट शहराच्या प्रकरणात अपील न्यायालयाने ठरविले की, दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच जी स्वयंचलित स्थगिती लागते तिच्यामुळे त्यानंतरच्या वर्षांच्या कराचाही बोजा बसत नाही. म्हणजे दिवाळखोर मालक शहराच्या सेवा घेत राहणार आणि त्यांचे तारण शहराला मिळणार नाही.

काँग्रेसने ही व्यवस्था दोन टप्प्यांत सुधारली. १९९४ साली अर्जानंतर देय होणाऱ्या मालमत्ता कराचा बोजा स्थगितीतून वगळला. २००५ साली स्थावर व जंगम मालमत्तेच्या मूल्याधारित कराचा रीतसर बसलेला बोजा त्या माघारीतून सोडविला. शहराच्या थकबाकीवर किती व्याज मिळावे हे दिवाळखोरीच्या न्यायाधीशाने न ठरवता मूळ कायद्याने ठरवावे असे केले. आणि ज्या मालकाने मूल्यांकनाविरुद्ध अपिलाची मुदत घालवली त्याला दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊन ते मूल्यांकन उकरून काढण्याची मनाई केली. मात्र एका बाबतीत माघार ठेवली, आणि ती मला या सगळ्या दुरुस्तीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: कामगारांची ठराविक मजुरी आणि त्यांच्या लाभनिधीची देणी यांच्यासाठी शहराच्या बोजाने अजूनही वाट सोडावयाची. वकिलाच्या बिलासाठी शहराने मागे हटू नये, कामगाराच्या पगारासाठी हटावे, हा विवेक कायद्याच्या पोटकलमात उतरविणे सोपे नव्हते.

त्याच देशाने बोजाची दुसरी मर्यादाही दाखवून दिली. मिनेसोटातील हेनेपिन काउंटीने एका वृद्ध स्त्रीचे घर सुमारे पंधरा हजार डॉलरांच्या थकबाकीसाठी, ज्यात मूळ कर जेमतेम दोन हजार तीनशेचा होता, चाळीस हजारांना विकले आणि उरलेले पंचवीस हजारही स्वतःपाशी ठेवले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की येण्यापेक्षा अधिक ठेवून घेणे म्हणजे मोबदल्यावाचून मालमत्ता हिरावणे होय. हा निवाडा दिवाळखोरीचा नाही, तरी बोजाचा अधिकार येणे असलेल्या रकमेपाशी संपतो हे तत्त्व मुंबईतही तितकेच खरे आहे.

या सर्व अभ्यासातून माझे जे मत बनले ते वाचकाने आरंभीच जाणून घ्यावे, म्हणजे पुढील प्रकरणे वाचताना त्याला माझा कल ओळखून माझ्याशी वाद घालता येईल. मालमत्तेच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेत कामगारांची देणी प्रथम जावीत. त्यांच्या पाठोपाठ, गहाणदाराच्या आधी, चालू वर्षाची आणि फार तर त्यामागील दोन वर्षांची घरपट्टी जावी. केवळ मूळ कर आणि वाजवी व्याज, दंड नव्हे. त्याहून जुन्या थकबाकीने सामान्य धनकोंच्या रांगेत उभे राहावे, कारण ती साठू देण्यात शहराच्या अधिकाऱ्यांचा दोष आहे आणि त्याचे ओझे ठेवीदारावर टाकणे न्याय्य नाही. हे संरक्षण ज्याला हवे त्या शहराने आपली थकबाकी सार्वजनिक दप्तरात, कोणालाही पाहता येईल अशी, दरसाल नोंदविली पाहिजे. न नोंदलेल्या बोजाला १९७१ च्या खरेदीदाराविरुद्ध जसे चालता आले नाही तसे बँकेविरुद्धही चालता येऊ नये. आणि प्रक्रिया सुरू असताना ज्या महिन्यांत कारखाना चालत राहतो किंवा निदान उभा राहतो, त्या महिन्यांची घरपट्टी प्रक्रियेचा खर्च म्हणून गणली जावी. बँकांच्या मित्रांना हा क्रम कडक वाटेल. परंतु तीन वर्षांची घरपट्टी ही बँकेला आगाऊ मोजता येणारी रक्कम आहे, आणि जी रक्कम आगाऊ मोजता येते तिने कर्जपुरवठा आटत नाही.

कायदा बदलेपर्यंत पालिकांच्या करनिर्धारण व संकलन खात्यांनी एवढे तरी करावे: एखाद्या कंपनीविरुद्ध संहितेखालील कामकाज सुरू झाल्याची जाहीर सूचना निघताच आपली मागणी मुदतीत, विहित नमुन्यात, २१२ व्या अगर १४१ व्या कलमाचा स्पष्ट उल्लेख करून दाखल करावी. न मागितलेले येणे योजनेबरोबर नाहीसे होते, आणि ते नाहीसे झाल्यावर कोणतेही उच्च न्यायालय ते परत आणून देत नाही. आणि नगरसेवकांनी, आमदार-खासदारांनी व ज्यांच्या घरपट्टीवर हे शहर चालते त्या नागरिकांनी संसदेकडे एक मागणी करावी: ५३ व्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचे नाव पुन्हा घालावे, आणि ते कामगारांच्या खाली पण गहाणदारांच्या वर घालावे. संसदेने ते केले नाही, तर विषय समवर्ती सूचीतला असल्याने महाराष्ट्र विधिमंडळाला राष्ट्रपतींच्या अनुमतीने आपल्या राज्यापुरती तशी दुरुस्ती करता येते. तो मार्ग खुला आहे आणि त्याचा अवलंब करावा अशी माझी विनंती आहे.